गेलेला कान

सिनेमातल्या नायकाने घरी बोटातली अंगठी काढून कोटाच्या डाव्या खिशात ठेवली, खिडकी लावली आणि रेडिओचा आवाज वाढवला. रेडिओवर त्याच्या बायकोचंच गाणं चाललं होतं. आघाडीवरच्या जवानांसाठी ते रोज दुपारी लागायचं, आणि खालच्या मजल्यावरची माणसं कामं टाकून ऐकत बसायची.

"ट्रकात बसून जायचंय तुला? माझ्या परवानगीशिवाय?"

दुसऱ्या कडव्याला पहिला फटका बसला. ती टेबलावर आदळली, पाण्याचा तांब्या घरंगळला, आरसा फुटला आणि सावरायला टेकलेला तळहात काचांवर पडला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबायलाही तिचाच आवाज कामाला लावला होता. तिसरं कडवं संपेपर्यंत तो लाथांवर आला होता.

गळ्याला मात्र तो कधी हात लावत नसे. पोस्टरवर तिला 'देशाचा गळा' म्हणत आणि त्या गळ्यावर घर चालत होतं. बाकीच्या शरीराला कसलीच सूट नव्हती. महिन्यापूर्वी एका थपडेत तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, उशी रक्ताने भिजली. डॉक्टर म्हणाले होते, "डावा गेला, बाई. उजवा तरी सांभाळा. तोही गेला तर सूर कसा लावाल?" हे तिने कुणालाच सांगितलं नाही. स्टुडिओत व्हायोलिनवाल्याला तेवढं उजवीकडे बसायला सांगितलं; नावाजलेल्या बाईची लहर म्हणून तो हसून उठला.

आज नायकाने पहिल्यांदाच उलटा हात वापरला. संध्याकाळपर्यंत उजव्या कानात शिट्टी वाजत राहिली. इतक्या वर्षांत ती मरणाला घाबरली नव्हती, या शिट्टीला मात्र घाबरली.

वाट एकच होती. जखमी जवानांच्या इस्पितळांतून गायला एक पथक निघायचं होतं, आणि त्यात तिची निवड झाली होती. लष्कराच्या ट्रकात एकदा बसली की नायकाचा हात तिथवर पोचणार नव्हता. पण परवान्याशिवाय शहराबाहेर कुणाला सोडत नव्हते, आणि टपालाने आलेला परवाना सासूबाईंनी कपाटात कुलूपबंद केला होता. किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या.

"आई, परवाना द्या ना मला."

"काय?" सासूबाईंनी उजवा कान पुढे केला. डाव्या बाजूने त्यांना ऐकू येत नसे, आणि नको ती गोष्ट नेमकी त्याच बाजूला जाऊन पडते, असं घरातली नोकरमाणसं म्हणत.

"परवाना, आई. नाहीतर मी संपेन इथे."

"नवऱ्याचा हात आहे, कधीमधी लागतो. तूच उलट बोलली असशील." सासूबाई फुटक्या काचा वेचायला बसल्या. एवढी सफाई त्यांच्या हाताला कुठून आली, असं तिला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी चित्रीकरण होतं. चित्रपटात नायक जवानाच्या भूमिकेत होता, ती त्याची बायको. घरी परतलेला जवान संशयाने तिच्यावर हात उचलतो, असा प्रसंग होता. मेकअपवाल्या मावशीने नेहमीप्रमाणे तिच्या दंडावरचं निळं आणि खांद्यावरचं पिवळं लपवलं. दोन वर्षं ती हेच करत होती आणि दोन वर्षं तिने एक शब्द विचारला नव्हता.

"एकच टेक," दिग्दर्शक म्हणाला. "लढाईमुळे कच्ची फिल्म मिळत नाहीये. चुकलं तर सीनच कापावा लागेल."

खोटी थप्पड मारण्यात नायकाचा हातखंडा होता. त्याचा पंजा गालापासून अंगठाभर अंतरावर थांबायचा आणि त्याच क्षणी सेटमागचा वादक चामड्यावर पट्टी मारायचा. दहा वर्षांत एकाही नटीला ओरखडा गेला नव्हता, हे तो मुलाखतीत आवर्जून सांगे. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे! सहा तालमी झाल्या. सहाही वेळा सगळं बिनचूक झालं.

मग कॅमेरा सुरू झाला. त्याला राग आणायचा होता आणि तो त्याला खरोखरच आला. हात उचलण्याआधी त्याने अंगठी काढली आणि कोटाच्या डाव्या खिशात ठेवली.

पटकथेत अंगठी नव्हती.

तिला पुढचे संवाद आठवेनात. तिचा उजवा तळहात आपसूक उजव्या कानावर गेला, मान वळली आणि गेलेला डावा कान तिने त्याच्यापुढे केला. पंजा अंगठाभर अंतरावर थांबला, पट्टी वाजली. पण ती त्याआधीच कोसळली होती. सेटच्या चौथऱ्यावर कपाळ फुटलं आणि रक्त भुवईवरून ओघळलं.

"कट! वा, बाई!" दिग्दर्शक ओरडला. "काय समर्पण! मार खायला स्वतःहून गाल पुढे केलात! आणि ती अंगठी? कुणाला सुचली?"

"आयत्या वेळी सुचली," नायक हसून म्हणाला आणि खिसा चाचपू लागला.

मावशीने रक्त पुसता पुसता त्या खिशाकडे एकदा पाहिलं.

दोन महिन्यांनी चित्रपट लागला, त्या दिवशी सकाळीच बॉम्ब पडले. चित्रगृहाकडे जाताना मोटार दोनदा थांबवावी लागली. एका घराची अर्धीच भिंत उरली होती आणि त्या भिंतीवर तिचं पोस्टर होतं; खाली माणसं हातांनी विटा उपसत होती. एक बाई विटांच्या ढिगाला नावाने हाका मारत होती. नायकाने काच वर केली. पथकाचा ट्रक त्याच दिवशी पाच वाजता सुटणार होता.

ब्लॅकआउटमुळे खेळ दुपारीच होता. नायक पहिल्या रांगेत लष्करी अधिकाऱ्यांत जाऊन बसला. मागे बसताना सासू-सुनांची थोडी गंमत झाली. दोघींनाही दुसरी आपल्या उजवीकडे हवी होती. सासूबाईंचं कारण जगजाहीर होतं, तिचं सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी ती कडेच्या खुर्चीवर बसली आणि सासूबाई तिच्या डावीकडे आल्या.

पडद्यावर नायकाने अंगठी काढली. अंगठी खिशात गेली. तिने मान वळवून कान पुढे केला. चित्रगृहात कुणीतरी हुंदका दिला.

डाव्या गालाला तिला श्वासाची ऊब लागली. सासूबाई काहीतरी म्हणाल्या असाव्यात. तिला ऐकू आलं नाही आणि वळून पाहायचं धाडस झालं नाही. पुन्हा एकदा ऊब लागली, मग थांबली.

सासूबाई उठल्या. गुडघे धरत, तिच्या पायांना ठेचकाळत त्या रांगेतून बाहेर पडू लागल्या.

"अहो, खाली बसा! दिसत नाही!" मागून लोक ओरडले.

वळसा घालून त्या तिच्या उजव्या बाजूला आल्या आणि वाकल्या.

"कधी गेला?"

"तीन महिने झाले."

"याच्या बापाची अंगठीही डाव्याच खिशात जायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, पोर लहान आहे, त्याला काही दिसलं नसेल."

कमरेच्या जुडग्यातून त्या किल्ली काढू लागल्या. कडी सुटेना. शेवटी त्यांनी ती दाताने उघडली.

"परवाना खालच्या कप्प्यात, चादरींच्या खाली आहे. ऊठ. आणि मला नमस्कार-बिमस्कार करू नकोस, माझी तेवढी लायकी नाही."

ती दारापाशी पोचली आणि मध्यंतराचे दिवे लागले. टाळ्या थांबत नव्हत्या. दारावरच्या पडद्याच्या आडून तिने मागे पाहिलं. नायक लोकांचे हात हातात घेत त्यांच्या रांगेपर्यंत आला, तिची रिकामी खुर्ची पाहून थबकला आणि परत जागेवर बसलेल्या आईकडे वाकून काही विचारू लागला.

सासूबाईंनी मान वळवली आणि डावा कान त्याच्यापुढे केला.

त्याने पुन्हा विचारलं, आता जरा जोरात. त्यांनी कानामागे हात धरला आणि नकारार्थी मान हलवली.

ती जिना उतरू लागली.