मल्हारीकडे गेलेला नकाशा

"थंडीत समदेच कूलर चांगले चालतात, पोरी. नकाशा कुणाला द्यायचा आसंल तर उन्हाळा जाऊ दे, मग दे."

हे सांडूमामा म्हणाले होते. उस्मानपुऱ्यात आम्ही भाड्यानं राहतो, त्या घराखालीच त्यांचं कूलर बनवायचं दुकान आहे. मी नुसती हसले. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि मामांनी सातवीत शाळा सोडलेली. त्याच आठवड्यात मी नकाशा मल्हारीला दिला. तो चुकीचा होता, आणि मल्हारी त्यावरून केलेली पेटी इंजिनाला लावून उडायच्या तयारीत आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी नकाशा कशाचा ते सांगते. माझे मिस्टर रामकिसन वाळूजच्या एका कंपनीत पत्र्याच्या कामाला आहेत. पाच वर्षांपासून ते एकच माणूस बसेल असं छोटं विमान बांधताहेत, फुलंब्रीला आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. इंजिन भंगारातल्या एका छोट्या कारचं आहे, पाण्यावर गार होणारं. म्हणजे रेडिएटर आला. कारमध्ये तो पुढं तोंडावर असतो. विमानात तोंडावर पंखा फिरतो, म्हणून आम्ही तो पोटाखाली बसवला आणि त्याला पत्र्याची पेटी केली. पुढून हवा आत यावी, रेडिएटरमधून जावी, मागून बाहेर पडावी. पेटीची मापं माझी. पत्रा कापला ह्यांनी, वही माझी.

पुढचं तोंड मी भरपूर मोठं ठेवलं. हवा जास्त आली की पाणी जास्त गार होणार, हा माझा हिशेब. मागची फट जेमतेम एका बोटाची ठेवली, कारण पंख्यानं उडालेली माती मागून आत शिरेल अशी भीती. आणि तोंडावर बारीक जाळी बसवली. आमच्याकडं मळणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढं अशी जाळी बांधतातच, नाहीतर भुसकटानं तो तासाभरात बुजतो. जाळी का लावली, असं आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही एकमेकांना विचारलं नाही.

डिसेंबरात सकाळी सात वाजता इंजिन चालवलं. विमान साखळीनं बांधलेलं, हे आत बसलेले, मी लांब बांधावर. दीड वर्षाची लेक कडेवर, तिच्या कानात कापूस. बाहेर पंधरा अंश. अर्धा तास इंजिन चाललं आणि पाण्याच्या तापमानाचा काटा शहाऐंशीवर थांबला. ह्यांनी आतून अंगठा वर करून दाखवला. मी वहीत शहाऐंशी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मल्हारी, ह्यांचा दोस्त, जानेवारीत आला. दौलताबादच्या किल्ल्याखाली त्याचं घर. घरात मेंढरं असायची. हा वेल्डिंग शिकला आणि आमच्यासारखंच इंजिन घेऊन विमान बांधायला बसला. शेडमध्ये आला तो थेट विमानाच्या पोटाखाली सरपटत गेला.

"वहिनी, ही पेटी लई भारी झाली. मला द्या की उतरवून."

"तुला काय, उद्या उडायचंय?" हे म्हणाले.

"उद्या नाय. पर तुमच्या आधी. तुम्ही बसा परवानगीच्या कागदाची वाट बघत."

"मग पडशील आमच्या आधी," हे म्हणाले, आणि दोघंही हसले. मी वहीतली पानं नीट काढून, जाळीच्या छिद्राच्या मापासकट, त्याच्या हातात दिली. कौतुक झालं होतं, खोटं कशाला बोलू.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा इंजिन चालवलं. दुपारी दोनला, बाहेर चाळीस. अकराव्या मिनिटाला काटा एकशे आठवर गेला आणि थांबायचं नाव घेईना. टोपणापाशी वाफ फुसफुसायला लागली. मी ओढणी हलवून "बंद करा, बंद करा!" ओरडले. ह्यांनी बंद केलं.

मी वही उघडली. पंधरा अंशात शहाऐंशी. बाहेरची हवा पंचवीस अंशांनी तापली तर पाणीही जवळपास तेवढंच जास्त तापणार, म्हणजे एकशे अकरा. इयत्ता तिसरीची बेरीज. ती मी डिसेंबरात करायची होती, तिथं मी दोन रेघा मारल्या.

त्यातून आम्ही जागेवर उभे होतो. उडताना पहिली दोन-तीन मिनिटं इंजिन पूर्ण जोरात असतं आणि विमानाचा वेग मात्र कमी, म्हणजे तापणं जास्त, हवा कमी. इंजिन अडकायचं तर तिथंच अडकतं. आणि तेवढ्या उंचीवरून माघारी वळायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या अर्धवट स्वेटरची लोकर घेतली. बोटभर लांबीचे धागे कापून पेटीच्या तोंडाच्या आत चिकटवले. हवा आत जात असेल तर धागे मागं झुकायला पाहिजेत. इंजिन सुरू केल्यावर मधले चार धागे मागं झुकले, कडेचे सगळे पुढं वळून बाहेर लोंबायला लागले. आत आलेली हवा तोंडातूनच परत बाहेर पडत होती.

सांडूमामांना मुद्दाम गाडीवरून घेऊन आलो. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, मग मागच्या फटीत हात घालून बघितला. तळहात गेलाच नाही.

"खिडकी कुठंय?"

"कसली खिडकी, मामा?"

"अगं, खोलीच्या खिडक्या-दारं लावून कूलर चालू केला तर हवा येती का आत? गिऱ्हाईक मलाच शिव्या देतंय, मामा तुमचा कूलर फेकत नाय म्हणून. मी जातो, खिडकी उघडून देतो, चहा पिऊन येतो." मग त्यांनी जाळीवर टिचकी मारली. "अन् ही कशाला? ट्रॅक्टरला मागून वढायला पंखा हाय. ह्याला कोन वढतंय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जाळीकडं.

जाळी काढली. मागची फट वीतभर केली आणि तिच्या पुढच्या काठाला पत्र्याची तिरपी पट्टी लावली, म्हणजे बाहेरून जाणारा वारा आतली हवा ओढून घेईल. रेडिएटर आणि पेटीच्या मधल्या फटी रबरानं बुजवल्या, हवेला बाजूनं पळायला जागा नको. पुढचं तोंड उलट लहान केलं. एकेचाळीस अंशात पस्तीस मिनिटं चालवलं. काटा पंच्याण्णवला थांबला. सगळे धागे मागं झुकलेले.

मी त्याच संध्याकाळी मल्हारीला फोन लावला. बंद. मेसेज टाकला, नव्या मापांचे फोटो टाकले. एकच खूण आली. चार दिवस झाले, दुसरी खूण आलेली नाही.

परवा दौलताबादला गेलो. त्याच्या शेडला कुलूप. आई बानाबाई ओट्यावर बसल्या होत्या.

"कुठं गेलाय तो?"

"मला सांगून जातोय व्हय! पंख काढले, पिकअपात घातले, अन् गेला. म्हनला, सपाट माळ घावलाय, तिथं कोन इचारायला येत नाय."

"कुठल्या गावचा माळ?"

"मेंढरं नेली आसती तर सांगितलं आसतं. चारा कुठं हाय त्यावरून माळ कळतो मला. ते इमान काय खातंय, मला काय ठाव?" मग लेकीला जवळ ओढून त्यांनी हळूच विचारलं, "का गं, काय झालं?"

"पाणी तापतं त्याच्या इंजिनाचं," मी म्हणाले. "माझ्यामुळं."

 त्यांनी लेकीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. शेडच्या खिडकीतून मी आत बघितलं. कोपऱ्यात कापलेल्या जाळीचे तुकडे पडले होते, बारीक छिद्रांचे, माझ्याच मापाचे.

ह्यांनी तीन तालुक्यांतल्या ओळखीच्या लोकांना फोन केले. मी पोलिसांना सांगू म्हटलं, तर हे म्हणाले, त्याचं विमान जप्त होईल. मी म्हटलं, होऊ दे. आज सकाळी सांगून आले. नोंद घेतो म्हणाले, पण कोणता माळ, हे त्यांनीही मलाच विचारलं.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या गावाजवळ पडीक, सपाट माळ असेल आणि तिथं ताडपत्रीखाली पांढरं छोटं विमान, निळ्या शेपटीचं, दिसलं तर जरा थांबा. तिथला माणूस बुटका, तिशीचा, उजव्या भुवईवर भाजल्याचा डाग. तो तुम्हाला हसत चहा विचारेल, सगळं ठीक आहे म्हणेल. तुम्ही वाकून विमानाच्या पोटाखाली बघा. पेटीच्या तोंडावर जाळी असेल, किंवा मागच्या फटीत तुमचा हात जात नसेल, तर त्याला इंजिन सुरू करू देऊ नका. वहिनीचा नकाशा चुकला, असं वहिनीनंच कळवलंय म्हणून सांगा. त्यानं ऐकलं नाही तर किल्ली काढून घ्या, भांडण झालं तरी चालेल. आणि विमान नसेल, नुसती चाकांची खूण असेल, तर ती जिकडं जाते तिकडं शेवटपर्यंत चालत जाऊन बघा, तो बरा आहे का.