सातव्या ओळीतलं वय

पिशोरच्या रामकिसनच्या घरी त्या सकाळी धाकट्या सरूला लुगडं नेसवणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी गंगापूरचे पाहुणे तिला बघायला यायचे होते. लुगडं थोरल्या बहिणीचं, द्वारकेचं. सरूला ते फार मोठं व्हायचं, म्हणून दगडाबाई लेकीच्या कमरेशी घडीवर घडी घालून खोचत होती.

"माय, मला पळता येत नाय ह्याच्यात."

"पळायचं नसतंच त्याच्यात," दगडाबाई म्हणाली, आणि तिचा हात थांबला. मागच्या वर्षी हेच तिनं द्वारकेला सांगितलं होतं.

इतक्यात ओसरीवर गावचे पुढारी आप्पासाहेब आणि शाळेचे मजीद मास्तर आले. नवी रेल्वे पिशोर सोडून जाणार असं कळल्यापासून गावाला दुसरा विषय नव्हता. गाडी आमच्या गावावरून न्या, असा विनंतीअर्ज लोकसभेकडे जायचा होता. त्याला एक यादी जोडली होती, दवाखान्यात वेळेवर न पोचल्यानं गेलेल्या माणसांची. नाव, वय, कारण आणि शेजारी घरच्याचा अंगठा. सातवं नाव द्वारकेचं होतं.

"ये, अंगठा दे," रामकिसन म्हणाला.

दगडाबाईनं पदर सावरून पॅडवर अंगठा टेकवला. मग म्हणाली, "काय लिवलंय ते वाचा की, मास्तर. माझ्या लेकीचं हाय."

मास्तर वाचू लागले. "द्वारकाबाई, वय एकोणीस. प्रसूतीत अडल्याने बैलगाडीतून नेताना वाटेत मयत. रेल्वे असती तर जीव वाचला असता."

शाई लागलेला अंगठा तसाच अधांतरी राहिला.

"वाटंत नाय गेली ती. मालट्रकवाल्यानं कन्नडच्या दवाखान्यात पोचवलं आमाला, उन्हं चढायच्या आत. डाक्टर म्हणला, हाडं भरली नाहीत पोरीची, वय काय?"

"एकोणीस तुम्हीच सांगितलं, बाई," मास्तर हळूच म्हणाले. "दवाखान्याच्या कागदावर तेच हाय."

"व्हय, मीच सांगितलं. हे म्हणले, खरं बोललीस तर पोलीस येतील. ती खाटंवर पडून ऐकत होती, माझा हात धरून. मला म्हणती, माय, मी कवा झाले एकोणीसची?"

द्वारकेचा जन्म अख्ख्या गावाला ठाऊक होता. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या भादव्यात रझाकारांच्या आणि फौजेच्याही धास्तीनं गाव रानात दडलं होतं, तेव्हा बाजरीच्या पिकात ती झाली. मास्तरांच्या आईनंच नाळ कापली. हैदराबाद पडल्याची खबर आली तशी आप्पासाहेबांनी पोरीला हातावर घेतलं होतं, म्हणाले होते, सुटलीस ग बाई. बारा वर्षांनी तिच्यावर अक्षता टाकायलाही तेच हात होते.

"तेरा लिवा. मंग अंगठा."

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "दगडाबाई, कागद दिल्लीला चाललाय. तेरा वाचून ते गाडी देतील का रामकिसनला बेड्या? अगं, गाडी आली तर दुसऱ्यांच्या लेकी वाचतील."

"वाचू द्या की. गाडीला मी नगं म्हणत नाय. पण माझी लेक गाडीवाचून नाय मेली, लग्नानं मेली. तेबी अर्जात घाला."

"अर्ज रेल्वेचा आहे, बाई."

"मंग तिचं नाव कशाला घातलं?"

आप्पासाहेबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांचा टाक हलला नाही. शेवटी आप्पासाहेबांनी स्वतः टाक घेऊन सातवी ओळ खोडली आणि वर एकूण आकड्यात सातचे सहा केले. द्वारकेचं नाव गावात लिहिलेलं असं तेवढ्या एकाच ठिकाणी होतं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. पोह्यांच्या बशा पुढं गेल्या.

"पोरगी कितव्या सालात?"

"पंधरा पुरी," रामकिसन म्हणाला.

"अकरा," माजघराच्या दारातून आवाज आला. "थोरली तेरा वर्साची बाळंतपणात गेली. ही द्यायची नाय."

"बायको लई बोलती तुमची," म्हणत पाहुण्यांनी चपला शोधल्या.

ते गेल्यावर रामकिसननं हात उगारला. तो तसाच खाली आला, आणि रामकिसन खांबाला टेकून बसला. द्वारकेला खांद्यावर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या तोच चढला होता.

दगडाबाईनं सरूचं लुगडं सोडलं, परकर नेसवला आणि तिला घेऊन ती शाळेत गेली. मास्तरांनी दाखल्याचं रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, विचारून विचारून जन्मसाल लिहिलं.

"हे आता कोणाला खोडता यायचं नाय, बाई. आप्पासाहेबांनाबी नाय."

दगडाबाई त्या पानाकडं बघत राहिली. "खाली एक वळ रिकामी दिसती. तिथं थोरलीचं लिवता का? तेरा."

मास्तरांनी चष्मा काढला. "शाळेत न बसलेल्या लेकराचं नाव घेता येत नाय."

"व्हय," ती म्हणाली.

तिच्या अंगठ्यावरची कालची शाई अजून गेली नव्हती. त्यावर नवी शाई लावून सरूच्या नावासमोर तिनं तो टेकवला, आणि जरा जास्तच वेळ दाबून धरला.