कोरडी पाठ

प्रसेनजीतच्या निळ्या सदऱ्यावर, पाठीच्या मधोमध, मिठाची वीतभर पांढरी रेघ होती. सकाळी दहाला शालूबाईंनी चहा आणला तेव्हा सदरा ओलाचिंब होता. बाराला कडा वाळू लागल्या. आता अडीच वाजले होते, आणि रेघेच्या आजूबाजूला ओलाव्याचा ठिपकाही उरला नव्हता.

भाकरीची पाटी घेऊन त्या जागच्या जागी थांबल्या. गुऱ्हाळाच्या चुलवाणापुढं बसून जाळात चिपाडं सारणाऱ्या माणसाची पाठ चैत्रातल्या दुपारी कोरडी नसते. गेल्या वर्षी त्यांना हे ठाऊक नव्हतं.

गेल्या वर्षी या जागी त्यांचा राजवर्धन बसला होता. जाळ घालणारा गडी आला नव्हता, आणि उसाच्या रसाचं आधण एकदा काहिलीत चढलं की ते उतरेपर्यंत चुलवाणापासून उठायचं नाही, ही इथली पिढ्यांची रीत. शेवटी तो कसाबसा उठून घरात आला. "आई, थंडी वाजतीया," म्हणाला. अंग तापलेलं, तरी दात वाजत होते. ताप भरला असं समजून शालूबाईंनी त्याला निजवलं आणि घरातली सगळ्यात जाड वाकळ त्याच्या अंगावर घातली. लहानपणी दाबत तशा कडा दाबून दिल्या. टेम्पो आला तेव्हा वाकळ काढून ठेवली. डॉक्टर म्हणाले, उष्माघात; अंग गार करायला हवं होतं. बाहेर काहिलीपाशी असलेल्या नवऱ्याला, हंबीररावांना, वाकळेचं कधी कळलं नाही.

तेराव्यानंतर शालूबाईंनी मनाशी एक गोष्ट ठरवली होती. नवऱ्याला सांगायचं राहत गेलं. दिवाळीत राहिलं, हंगामाचा नारळ फुटला तेव्हाही राहिलं. ते बोलायचं तर वाकळेचंही बोलावं लागलं असतं.

"काय रं प्रसेनजीत, आज भाकरीला नावं न्हाय ठेवलीस?"

काकूंची भाकरी म्हणजे काहिलीचं झाकण, असं तो रोज म्हणायचा. आज हातातल्या चिपाडाकडं बघत राहिला.

"काकू," तो म्हणाला, "गार वारं सुटलंय न्हवं?"

चिंचेचं पान हलत नव्हतं.

शालूबाईंनी पाटी खाली टाकली. "जाळ वढा! आधी ह्याला उचला!"

हंबीरराव काहिलीवरची मळी काढत होते. "आगं, खुळी का काय! आधण निम्म्यावर हाय. गूळ बसायचा न्हाय!"

शालूबाईंनी लांब दांड्याचं फावडं घेऊन पेटती चिपाडं स्वतःच बाहेर ओढली. गड्यांनी प्रसेनजीतला चिंचेखाली नेलं. सदरा काढला, ओल्या पोत्यावर निजवून बॅरलचं पाणी डोक्यावर, मानेवर, काखेत ओतत राहिले. शालूबाई सुपानं वारा घालत होत्या. हात थांबत नव्हता.

टेम्पोवाल्या अमरसिंहनं टेम्पो लावला. "वल्ल्या पोत्यासकट न्या," त्या म्हणाल्या. "दवाखाना येईस्तोवर पाणी घालत ऱ्हावा."

उचलताना प्रसेनजीतनं डोळे उघडले. "काकू... झाकान..." एक गडी हसला आणि लगेच तोंड फिरवून डोळे पुसू लागला.

टेम्पो गेला. काहिलीतला रस उकळी मोडून तांबूस, चिकट झाला होता. हंबीररावांनी त्यात चिपाड बुडवून बघितलं.

"गेलं आधण," ते म्हणाले.

"राजूवर वाकळ मी घातली हुती," शालूबाई म्हणाल्या. "त्यो तापला हुता, आन् मी पांघरून दिलं. मी."

हंबीरराव काहिलीच्या कडेवर हात टेकून उभे राहिले. कड अजून पोळत होती. हात काढायचं त्यांना सुचलं नाही. शालूबाईंनी तो मनगटाला धरून बाजूला केला आणि बॅरलच्या पाण्यात बुडवून धरला.

"अवं, ऐका," त्या म्हणाल्या. "उद्यापासनं अकरा ते चार आपलं चुलवाण पेटणार न्हाय. आधण पहाटं चढंल, न्हायतर चढणार न्हाय."