कुंभाराचे म्हातारे

अमावास्या आली की हझालाला आधीच थकवा यायचा. पितरांना भाकरी-पाणी द्यायचं, एकेकाला नावानं बोलवायचं, आणि तेही अमोरी बोलीत. एके काळी तंबूतंबूतून ऐकू येणारी ती बोली आता टेर्का शहरात तिच्या एकटीच्या तोंडी उरली होती. पण हाका मारण्याइतका आवाज आता उरला नव्हता. आज हाका लेकानं, याशूबनं मारायच्या होत्या. त्याला जमलं नाही, तर तिच्यामागे सगळे पितर तहानलेले राहणार.

याशूबनं आतल्या खोलीत भाकरी मांडली आणि शहराच्या रीतीनं जमिनीत पुरलेल्या मातीच्या नळीत पाणी ओतलं.

"कुणाला पाजतोयस रे?"

"आजोबांना."

"आजोबा माळावर दगडांखाली निजलेत. तुझा बापही तिकडेच. इथं खाली आपलं कोण आहे?"

याशूब ओशाळला. शहरात मेलेल्यांना घराच्या जमिनीखालीच पुरत, आणि हे घर त्यानं एका कुंभाराकडून घेतलं होतं.

"कुंभाराच्या म्हाताऱ्यांची आज चंगळ झाली!" चुलीपाशी बसलेली सून बेलेसुनू हसली. ती शहरातलीच.

"पिऊ देत. तहान त्यांनाही असेलच. चल उंबऱ्याशी."

दारातून नदीपलीकडचा माळ दिसत होता. वाडगा धरून याशूबनं हाक दिली, "सुमू-एरह, ये, पाणी पी. झकूर, ये, पाणी पी." मग तो अडला. "आई, पुढे?"

हझालानं तोंड उघडलं. काहीच आठवेना. सासऱ्यांचा चेहरा दिसत होता, दाढीतला तीळसुद्धा. नाव मात्र नाही.

"यंतिन-एल," चुलीकडून आवाज आला. "आणि त्यांच्या आधी त्यांची आई, तब्बुबू. घाई झाली की सासूबाई तिला गाळतात."

"तुला गं कसं ठाऊक?"

"दर अमावास्येला भाकऱ्या मीच भाजते ना? कान काय बुजवून बसू?"

"कधी बोलली नाहीस."

"कधी विचारलंत? शहरची, शहरची म्हणून हिणवायला तेवढा वेळ होता."

हझाला उंबऱ्यावरच बसली. बेलेसुनू पिठाच्या हातांनी बाहेर आली, वाडगा घेतला आणि हाका पुऱ्या केल्या. एकही चुकली नाही.

"मला इथंच पुरा," हझाला म्हणाली. "माळापर्यंत जायचं बळ नाही आता. नळी आहेच."

"आणि कुंभाराचे म्हातारे?" बेलेसुनूनं विचारलं.

"त्यांना अमोरी शिकवीन. वेळच वेळ असेल."