थर्झा लेगेट ईलीला जाते

थर्झा लेगेट माझी गेल्या तीस वर्षांपासूनची शेजारीण. सप्टेंबरातल्या एका सकाळी ती कुंपणापाशी येऊन म्हणाली, "ऑलिव्ह, आज धुकं फार आहे गं. कॅथेड्रल दिसतच नाही."

मी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. नऊ मैलांवर, सपाट काळ्या शेतांच्या पार टोकाला, ईली शहराचं कॅथेड्रल रोजच्या जागी उभं होतं.

"धुकं नाही, थर्झा."

तिने एप्रनने डोळे पुसले, परत एकदा पाहिलं आणि घरात निघून गेली.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. ऑपरेशनला नंबर लागायला वर्ष तरी जाईल म्हणाले. त्याच आठवड्यात थर्झा मला म्हणाली, "मला ईलीला घेऊन चल. आतून बघायचंय. उरलंसुरलं दिसतंय तोवर."

मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिले. अडुसष्ट वर्षांची बाई. जन्मापासून रोज ते कॅथेड्रल बघत आलेली, पण त्याचा उंबरा तिने कधी ओलांडलेला नव्हता. लेगेट मंडळी चॅपलची, म्हणजे बिशपला न मानणाऱ्या साध्या पंथाची, आणि कडक. "आपला देव साध्या चार भिंतींत राहतो, बिशपच्या महालात नाही," असं तिचे वडील एबेनेझर म्हणायचे. थोरला भाऊ रूबेन सुतार. कॅथेड्रलच्या मनोऱ्याचं लाकूड किड्यांनी पोखरलं तेव्हा तो तिथे दुरुस्तीच्या कामावर लागला. म्हाताऱ्याने त्याच दिवशी त्याला घर बंद केलं. "बिशपचं मीठ खाणाऱ्याला माझ्या टेबलाशी जागा नाही."

या गोष्टीला बावीस वर्षं झाली होती. थर्झाने लग्न केलं नाही. वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि त्यांच्या मागे त्यांचा अबोलाही सांभाळला. भाऊबहीण भेटले ते फक्त दफनाच्या दिवशी, हात मिळवण्यापुरते.

"रूबेनला कळवू का?" मी विचारलं.

"कळव," ती म्हणाली. मग म्हणाली, "नको." मी कोट घालून दारापर्यंत गेले, तेव्हा मागून आवाज आला, "कळव गं."

गुरुवारी आम्ही ईलीला बसमधून उतरलो तर रूबेन थांब्यावरच उभा. उंच, पाठीत वाकलेला, दाढी ताजी केलेली. हनुवटीवर कापून घेतलं होतं.

"जाडी झालीस," तो म्हणाला.

"आणि तू वाळलास. बिशप जेवायला घालत नव्हता वाटतं?"

"घालायचा की. तुझ्या हातची चव नव्हती त्याला."

थर्झाने नाक मुरडलं, पण त्याचा दंड धरला. बाजारातल्या गर्दीतून आम्ही तसेच गेलो, ती त्याच्या आधाराने आणि मी पिशव्या घेऊन.

आत गेल्यावर ती पहिल्या खांबापाशीच थांबली. दगडावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. रूबेनने घाई केली नाही. मग मधोमध, मोठ्या अष्टकोनी मनोऱ्याखाली, तिने मान वर केली.

"मला नुसता उजेड दिसतोय," ती म्हणाली.

"वर आहेच काय? उजेड आणि लाकूड."

"मग लाकूड दाखव."

"पायऱ्या दीडशेच्या वर आहेत, थर्झा. तुझे गुडघे..."

"माझ्या गुडघ्यांचं मी बघीन."

तिथल्या राखणदाराची रूबेनशी जुनी ओळख. त्याने दार उघडून दिलं. अरुंद दगडी जिना, गोल गोल जाणारा. थर्झा पुढे, तिच्या मागे रूबेन, शेवटी मी. दर वीस पायऱ्यांनी ती थांबायची आणि "मी थकलेले नाही," असं आपणहून सांगायची.

वर ओकचे प्रचंड वासे होते. रूबेनने तिचा हात धरून एका वाशावर ठेवला. "सहाशे वर्षांचा आहे हा. इथे खालचा भाग किड्यांनी खाल्ला होता. तो कापून मी नवा जोडला. सांधा लागतो का हाताला?"

तिने बोटं वर नेली, खाली आणली. "नाही लागत."

"मग बरा बसलाय."

त्याने एक लाकडी झडप उघडली. खालून दिसणाऱ्या बाजूला तिच्यावर देवदूत रंगवलेला. तिथून खालची फरशी दिसत होती, आणि माणसं दाण्यांएवढी.

"बाबा आले होते इथे," रूबेन म्हणाला.

थर्झाने वाशावरचा हात काढला नाही. "कोण?"

"बाबा. मी कामाला लागलो त्याच हिवाळ्यात. बरोबर खाली, मधोमध उभे. ती चपटी टोपी मी कुठूनही ओळखली असती. पाव तास मान वर करून उभे होते. मी याच झडपेशी, हातात करवत. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मग ते गेले."

"कोणत्या वारी?"

"गुरुवार. बाजाराचा दिवस."

थर्झा मटकन तिथल्या तुळईवर बसली. "त्याच हिवाळ्यात एकदा बाजारातून मान आखडून आले होते. मी गरम विटेने शेकली. म्हटलं, सेलरीच्या जुड्या विकताना कोणी वर बघतं का? तर माझ्यावरच खेकसले." ती थांबली. "मला एका शब्दाने बोलले नाहीत, रूबेन. आणि मी बावीस वर्षं त्यांच्यासाठी तोंड मिटून बसले. लबाड म्हातारा!"

तिला हसू येत होतं की रडू, ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नसावं.

"तू का नाही सांगितलंस?"

"दफनाच्या दिवशी सांगणार होतो. तू हात मिळवलास आणि पाठ फिरवलीस."

"मग पाठीला सांगायचं!"

रूबेन खिशातला रुमाल काढून तिच्याजवळ बसला. मी झडपेतून खाली बघत राहिले. कोणीतरी ऑर्गनवर एकच ओळ परत परत वाजवून बघत होतं.

नंतर रूबेनच्या घरी पाव, चीज आणि चहा झाला. वडिलांची टोपी करड्या रंगाची होती की तपकिरी, यावर दोघं इतकी भांडली की पाचची बस चुकली. सहाच्या बसने आम्ही परतलो.

रविवारी चॅपलमध्ये पहिलं गाणं सुरू झालं आणि मागून दार वाजलं. सगळ्यांच्या माना वळल्या, थर्झाची सोडून. रूबेन टोपी हातात घेऊन आत आला आणि शेवटच्या बाकाकडे निघाला.

"तिकडे वारा येतो," थर्झा पुढे बघतच मोठ्याने म्हणाली आणि बाकावर जरा आत सरकली.

तो तिच्याशेजारी येऊन बसला. गायला बेसूरच.

"हळू," ती म्हणाली.

तो हळू गायला नाही.