एकमताने

"आणखी कोण?" बाईंनी हातातला एकुलता एक अर्ज वर्गासमोर फडकावला. "वर्गप्रतिनिधी व्हायला चौघं जण उभे राहणार होतात ना? बाकीचे कुठे गेले?"

खिडकीपाशी पुठ्ठ्याचा आडोसा उभा होता, टेबलावर बुटांच्या खोक्याला चीर पाडून केलेली मतपेटी होती. लोकशाही घोकून कळत नाही, मुलांनी एकदा खरोखर मत देऊन बघावं, म्हणून बाई वर्षभर मुख्याध्यापकांच्या मागे लागल्या होत्या. तेव्हा कुठे हा एक तास पदरात पडला होता.

"बाई, मिटलं आमचं," मागच्या बाकावरून वकील म्हणाला. तोंडाचा पट्टा सतत चालू, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. तो एकुलता अर्जही त्याचाच. "मधल्या सुट्टीत बसलो सगळे. हिला खिडकीची जागा, ह्याला सहलीला पुढचं सीट, त्याला पहिली बॅटिंग. भांडण नको, तंटा नको."

"आणि मतदान?"

"कशाला उगाच, बाई? तुमचाही तास मोकळा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जास्त चीड याची, की पोरगं उद्धटपणा करत नव्हतं. आपण बाईंचं काम हलकं केलं, असं त्याला मनापासून वाटत होतं. बाई एकेकाकडे बघत गेल्या, तशा एकेक माना खाली जात गेल्या. शेवटी त्यांची नजर तिसऱ्या बाकावर थांबली. तिथे त्यांची स्वतःची लेक बसायची. शाळेत आईला बाई म्हणायचं, हा नियम तिने बालवाडीपासून निमूट पाळला होता.

"तू उभी राहतेस," बाई म्हणाल्या.

लेकीने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"राहते, बाई."

मग सगळं रीतसर पार पडलं. वकिलाने भाषण ठोकलं, हशा पिकवला. लेक हळू आवाजात म्हणाली, की कपाटात कुलूपबंद असलेली गोष्टींची पुस्तकं घरी न्यायला मिळावीत. बाईंना ते इतकं आवडलं, की टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं.

"मत गुप्त असतं," चिठ्ठ्या वाटताना त्या पुन्हा पुन्हा बजावत होत्या. "आडोशामागे तुम्ही आणि तुमचं मन. कुणाला काही कळत नाही."

मोजणी सुरू झाली. वकील. वकील. पुन्हा वकील. बाईंचा आवाज उतरत गेला. शेवटी त्यांनी खोकं उलटं करून झटकलं. त्यातून काहीच पडलं नाही. लेकीच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती. निवडून आलेला वकीलसुद्धा मान खाली घालून नखाने बाक खरवडत होता.

मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून विचारलं, "काय निकाल? एकमताने? वा, वा! असा समजूतदार वर्ग पाहिजे."

ते खोकं त्यांच्या डोक्यात घालावं, असं बाईंना वाटलं. त्यांनी ते कपाटावर ठेवून दिलं.

घरी जाताना रस्ताभर त्या धुमसत होत्या. कोपऱ्यावरचं किराणा दुकान मागे पडल्यावर त्यांना राहवेना.

"निदान स्वतःला तरी द्यायचंस मत!"

"एकच निघालं असतं ना, आई. मग ते माझंच, हे सगळ्यांना कळलं असतं."

"कळलं तर कळलं! त्यात चोरी कसली?"

"तुझा तास संपतो. मला वर्षभर त्यांच्यातच बसायचंय."

"हेच! हेच नको म्हणून मी घसा कोरडा करते. कुणाच्या धाकाने काही करायचं नाही. पटत नसेल तर सरळ नाही म्हणायचं. इतकं काय अवघड असतं गं?" बाई भर रस्त्यात थांबल्या. "आणि एवढीच भीती होती, तर उभी तरी कशाला राहिलीस?"

लेकीने दप्तर या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"नाही म्हटलं असतं, तर तू आठवडाभर माझ्याशी बोलली नसतीस."