मालक मंडळी

"खोटं बोलायचंच नाहीये, आई. किल्ल्याच्या स्मृतिदिनाला मंचावर नुसतं उभं राहायचं. बोलेल तो निवेदक," हिदेतो म्हणाला.

सेत्सुए काठीवरच्या ओल्या शेवया ओढत होती. "काय बोलेल?"

"की किल्ल्यात मारल्या गेलेल्या किरिस्तावांच्या वंशातली ही बाई. टीव्हीवर दिसाल! पाकिटावर क्रूस छापू, मग बघा शेवया कशा खपतात."

"अहो जावईबापू, किल्ल्यात तान्हं पोरसुद्धा उरलं नाही. वंशज काय आभाळातून पडले?"

हिदेतो हसला, पण हट्ट सोडेना. आणि धंदा बसला होता हे तर खरंच होतं. पोरीचा संसार त्यावर चाललेला. "येईन," एवढंच सेत्सुए म्हणाली. चारशे वर्षांपूर्वी किरिस्ताव शेतकऱ्यांचं बंड मोडून किल्ल्यातल्या सगळ्यांना मारल्यावर हा सगळा मुलूख ओस पडला, तेव्हा सरकारने शोदो बेटावरून तिच्या पूर्वजांना आणून इथे वसवलं. आजूबाजूची गावं त्यांना 'मढ्यांच्या घरात घुसलेले' म्हणून हिणवत. लहानपणी हे ऐकून ती रडली होती. आता मात्र तिला त्या पूर्वजांचा अभिमान वाटे.

स्मृतिदिनाला ती किल्ल्याच्या पडक्या तटाजवळच्या मंचावर चढली. छातीवर पांढरी फीत, तीवर 'वंशज' असं लिहिलेलं. निवेदकाने तोंड उघडायच्या आत तिने त्याच्या हातातला माईक घेतला.

"मी वंशज नाही. त्यांचं कुणी उरलंच नाही. आम्ही मागाहून होड्यांतून आलो, बुद्धाला पुजणारे. पहिल्याच नांगरटीला हाडं वर आली. आमच्या लोकांनी ती फेकली नाहीत, धुतली, शेताच्या कडेला दगडाखाली ठेवली. अजूनही निघतात, अजूनही धुतो. नावं ठाऊक नाहीत, म्हणून घरात आम्ही त्यांना मालक म्हणतो. नव्या शेवयांची पहिली वाटी मालकांना, मग आम्हाला. चारशे वर्षं एकदाही चुकली नाही. मी त्या घरची आहे!"

हिदेतो खाली मान घालून उभा होता. निवेदक पुढे झाला आणि ओशाळून म्हणाला, "आजी, ती फीत..."

"घ्या की, माझी नव्हेच ती." तिने टाचणी काढून फीत त्याच्या हातावर ठेवली.

प्रार्थनेला आलेला म्हातारा पाद्री खुर्चीतून उठला आणि कमरेत वाकला. "आजी, मालकांना भेटता येईल?"

"या ना," सेत्सुए म्हणाली. "पण हळू बोला हं. त्यांच्यात लेकरंही आहेत."